विश्लेषण : इमारतीलगतचे झाड तोडताना धोका नेमका कोठे असतो?

पावसाळा तोंडावर आला की शहरांतील गृहनिर्माण सोसायट्यांच्या बैठकांत एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे आवारातील झाड. कोठे पहिल्या मजल्याच्या खिडकीला टेकलेली गुलमोहराची फांदी असते, कोठे गच्चीच्याही वर गेलेला नारळ, तर कोठे कुंपणभिंतीकडे कललेला रेन ट्री. ‘पडण्याआधी तोडून टाका’ असे काही सभासद म्हणतात, ‘हात लावू नका’ असे काही. या वादात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळतात. झाड धोकादायक आहे का, हा एक प्रश्न. ते तोडणे किती धोकादायक आहे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ‘हो’ आले की दुसरा प्रश्न कोणी विचारत नाही आणि अनेकदा अपघात तेथेच होतो.

हा प्रश्न किती मोठा आहे?

मुंबई महापालिकेच्या वृक्षगणनेनुसार शहरात सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे आहेत. त्यांतील निम्म्याहून अधिक झाडे खासगी आवारांत, म्हणजे प्रामुख्याने सोसायट्या आणि बंगल्यांच्या जागेत आहेत. म्हणजेच शहरातील बहुसंख्य झाडांची देखभाल रस्त्यावर काम करणाऱ्या महापालिकेच्या पथकाकडे नसून सोसायटीच्या समितीकडे आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाच्या वाऱ्यात मुंबईत दोन हजारांहून अधिक झाडे पडली. अशा प्रत्येक वादळानंतर झाडे तोडण्याची मागणी वाढते. काम देताना मात्र समित्या बहुतेक वेळा कोटेशनमधील सर्वांत कमी आकड्याकडेच पाहतात.

मोकळ्या जागेतील झाड आणि इमारतीजवळचे झाड यांत फरक काय?

मोकळ्या जागेत झाड बुंध्याशी कापून एका दिशेला पाडता येते. ज्या दिशेला पाडायचे त्या बाजूने बुंध्याला साधारण व्यासाच्या पाव भागाएवढी खाच घेतली जाते. मग मागच्या बाजूने, खाचेच्या किंचित वर, आडवा काप दिला जातो. दोन्ही कापांच्या मध्ये लाकडाची एक पट्टी मुद्दाम शिल्लक ठेवतात. तिची जाडी साधारण व्यासाच्या एकदशांश असते. ४० सेंटिमीटरच्या बुंध्यात ती जेमतेम ४ सेंटिमीटर भरते. हीच पट्टी दाराच्या बिजागरीसारखी वाकते आणि झाडाला ठरलेल्या दिशेला खाली आणते.

सगळी भिस्त या बिजागरीवर असते. बुंधा आतून पोकळ असेल, वाळवीने खाल्ला असेल किंवा झाड एका बाजूला कलले असेल तर ती वेळेआधी तुटते. मग झाड कोठे जाईल हे कापणाऱ्याच्या हातात राहत नाही. कललेल्या झाडात आणखी एक धोका असतो. मागचा काप पूर्ण होण्याआधीच बुंधा उभा चिरतो आणि त्याचा मागचा भाग झटक्याने वर उसळतो. कापणारा नेमका तेथेच उभा असतो.

म्हणूनच झाड पाडताना इतरांनी झाडाच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर राहावे, असा सर्वमान्य नियम आहे. १२ मीटर उंचीच्या झाडासाठी हे अंतर २४ मीटर होते. जुन्या सोसायट्यांत इमारत आणि कुंपण यांच्यामध्ये काही मीटरच जागा असते. त्यामुळे तेथे झाड ‘पाडण्याचा’ पर्याय मुळात उरतच नाही. ते वरून खाली, तुकड्या-तुकड्याने उतरवावे लागते. या पद्धतीत माणसाला झाडावर चढावे लागते आणि धोक्याचे स्वरूपच बदलते.

एका फांदीचे वजन किती असते?

अंदाज नेमका येथेच चुकतो. ओल्या लाकडाची घनता अनेक जातींत पाण्याच्या घनतेच्या जवळपास असते. ३० सेंटिमीटर व्यासाचा आणि ३ मीटर लांबीचा तुकडा घेतला, तर त्याचे वजन २०० किलोच्या आसपास भरते. खालून पाहणाऱ्याला तो ‘एक फांदी’ वाटतो.

हा तुकडा १० मीटरवरून, म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून सुटला तर जमिनीवर पोहोचताना त्याचा वेग ताशी ५० किलोमीटर असतो. त्या आघातातील ऊर्जा ताशी २३ किलोमीटर वेगाने धडकणाऱ्या एक टनाच्या मोटारीइतकी असते. खिडकीवरची काँक्रीटची छज्जी, पत्र्याची शेड, पार्किंगचे छप्पर, जमिनीखालच्या टाकीचे झाकण किंवा ड्रेनेजचे चेंबर यांपैकी काहीही असा आघात झेलण्यासाठी बांधलेले नसते.

दोर बांधला की धोका संपतो का?

नाही. दोर आणि कप्पी वापरून तुकडा हळू उतरवणे ही योग्य पद्धत आहे, पण तिचा हिशेब वेगळा असतो. कप्पी झाडाच्याच वरच्या भागाला बांधतात. तुकड्याचे वजन दोराच्या एका बाजूला असते आणि त्याला तोलणारी ओढ दुसऱ्या बाजूला. कप्पी ज्या जागी बांधली आहे, त्या जागेवर या दोन्हींचा मिळून भार येतो. म्हणजे २०० किलोचा तुकडा नुसता लटकत असला तरी फांदीवर सुमारे ४०० किलोची ओढ असते. तुकडा आधी थोडा खाली पडून मग दोराने अडवला गेला तर झटक्याने हा भार कित्येक पटींनी वाढतो.

झाड निरोगी असेल तर ते हा भार सहन करते. पण इमारतीलगतचे झाड बहुतेक वेळा ते वाळले, पोखरले किंवा किडले आहे म्हणूनच तोडले जात असते. म्हणजे ज्या बुंध्यावर विश्वास नाही म्हणून तो काढायचा, त्यालाच दोर बांधायचा आणि त्यावरच माणूस चढवायचा, असा हा उलटा प्रकार होतो. मृत किंवा पोकळ झाडासाठी क्रेन किंवा माणसाला वर नेणारी यांत्रिक शिडी हाच सुरक्षित मार्ग असतो. ती गाडी आत येण्याएवढे फाटक नसेल तर खर्च वाढतो. म्हणून अनेक समित्या पुन्हा चढणाऱ्या माणसाकडेच वळतात.

सर्वांत जास्त धोका कोणाला असतो?

झाडावरच्या मजुराला. अनेक ठिकाणी तो अनवाणी, कमरेला एक दोर आणि हातात कोयता किंवा चेन सॉ घेऊन चढतो. हेल्मेट नसते आणि करवतीपासून पायांचे रक्षण करणारी जाड विजारही नसते. कमरेचा दोर अनेकदा कापायच्या फांदीच्या वरच्या बाजूला न बांधता जेथे आधार मिळेल तेथे बांधला जातो. चालू करवत हाताला झटका देऊन मागे उसळते, तेव्हा झाडावरच्या माणसाला मागे सरकायला जागा नसते. आग्या मोहोळ असेल तर पळायलाही जागा नसते.

नारळाचा प्रश्न वेगळा आहे. त्याला फांद्या नसतात. चढणारा सरळ शेंड्याशी पोहोचतो आणि त्याला दुसरा आधार नसतो. गेंड्या भुंगा आणि सोंड्या भुंगा या किडी नारळाला शेंड्यापाशी किंवा खोडात आतून पोखरतात. बाहेरून झाड बऱ्यापैकी हिरवे दिसते. त्यामुळे खालून पाहून ‘झाड चांगले आहे’ असे सांगणे धाडसाचे ठरते.

तारा आणि वाहिन्यांचे काय?

मुंबईच्या मोठ्या भागात वीजवाहिन्या जमिनीखालून जातात. राज्यातील बहुतांश शहरांत आणि उपनगरांत मात्र त्या अजूनही खांबांवरून जातात. ओली फांदी विजेची वाहक असते. तारेला प्रत्यक्ष स्पर्श झाला नाही तरी उच्च दाबाच्या तारेजवळ काम करणे जिवावर बेतू शकते. त्यामुळे काम सुरू होण्याआधी वीज कंपनीला कळवून पुरवठा बंद करून घेणे अपरिहार्य असते. महावितरणच्या ग्राहकांसाठी १९१२ हा टोल फ्री क्रमांक आहे.

जमिनीखालील वाहिन्यांचा विसर बुंधा काढताना पडतो. झाड उतरवल्यावर उरलेला खुंट जेसीबीने उपटण्याची पद्धत सर्रास दिसते. वर्षानुवर्षे वाढलेली मुळे पाण्याच्या नळाभोवती, ड्रेनेजभोवती आणि गॅसच्या पाइपभोवती गेलेली असतात. खुंट ओढला की तेही ओढले जातात. पाया उथळ असेल तर त्याच्या कडेची मातीही निघते. इमारतीच्या अगदी जवळचा खुंट जमिनीलगत कापून तसाच कुजू देणे किंवा यंत्राने खरवडून काढणे अधिक सुरक्षित ठरते.

झाड गेल्यावर जमीन बदलते का?

हा मुद्दा सहसा चर्चेत येत नाही, पण पुणे, सोलापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर या भागांत तो महत्त्वाचा आहे. काळी माती पाणी प्यायल्यावर फुगते आणि वाळल्यावर आक्रसते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या भेगा हा त्याचाच परिणाम असतो. मोठे झाड दिवसाला शेकडो लिटरपर्यंत पाणी खेचू शकते. त्यामुळे त्याच्याभोवतीची काळी माती कायम थोडी कोरडी आणि आक्रसलेली राहते. झाड तोडले की हा उपसा थांबतो. पुढच्या काही पावसाळ्यांत माती हळूहळू पाणी धरते आणि फुगते. त्या जागी हलक्या, उथळ पायाचे घर असेल तर त्याचा एक कोपरा वर उचलला जातो. भिंतींना तिरके तडे जातात, दारे-खिडक्या घट्ट बसू लागतात. झाड तोडून तीन वर्षे झालेली असतात, त्यामुळे या दोन गोष्टींचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही.

येथे एक साधा प्रश्न उपयोगी पडतो. आधी काय होते, झाड की घर? घर आधीचे आणि झाड नंतरचे असेल, तर झाड गेल्यावर माती साधारण मूळच्या पातळीला परत येते. पण मोठ्या झाडाजवळ, त्याने आधीच कोरड्या केलेल्या जमिनीवर नंतर घर बांधले असेल, तर माती फुगण्याचा धोका खरा असतो. अशा वेळी तोडण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरचा सल्ला घ्यायला हवा. काळ्या मातीसाठी रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेल्या, तळाशी फुगीर असलेल्या खोल पाइलवर इमारत उभी असेल तर हा धोका कमी होतो. मुरूम आणि खडकावरच्या इमारतींना तो फारसा नसतो.

उतारावरच्या वस्त्यांचा धोका वेगळा असतो. टेकडीच्या कडेला किंवा संरक्षक भिंतीच्या वर असलेल्या झाडाची मुळे माती धरून ठेवतात. झाड तोडल्यावर मुळे लगेच नाहीशी होत नाहीत, पण काही वर्षांत ती कुजतात आणि त्यांची पकड सुटते. मग एखाद्या जोरदार पावसात भिंत किंवा उतार सरकण्याची शक्यता वाढते.

मुळांमुळेच इमारतीला तडे जातात का?

अनेकदा दोष चुकीच्या जागी दिला जातो. मजबूत आरसीसी पाया मुळे सहसा फोडत नाहीत. मुळे पाण्याच्या दिशेने वाढतात. ड्रेनेजच्या पाइपला आधीच गळती असेल तर त्या फटीतून ती आत शिरतात. अशा वेळी झाड तोडले तरी गळती राहतेच. कुंपणभिंत, पेव्हर ब्लॉक, पायऱ्या अशी हलकी बांधकामे मात्र जाड होत जाणारी मुळे उचलू शकतात. भिंतीच्या भेगेत उगवलेला वड किंवा पिंपळ ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. तो लहान असतानाच मुळासकट काढायला हवा. नुसता वरून छाटला तर आत मुळे जाड होत राहतात.

छाटणी हा पर्याय ठरतो का?

बहुतेक वेळा ठरतो, पण छाटणी योग्य असेल तरच. खिडकीला त्रास होतो म्हणून दरवर्षी इमारतीच्या बाजूच्याच फांद्या कापल्या, तर झाडाचा सगळा भार रस्त्याच्या बाजूला जातो. असे एकांगी झाड आपणच तयार केलेले असते. शेंडा सरसकट उडवला तर कापलेल्या जागी झपाट्याने नवे धुमारे फुटतात. त्यांची पकड वरवरची असते आणि काही वर्षांनी तेच वाऱ्यात तुटतात. मोठ्या कापलेल्या जागेतून पाणी आणि बुरशी आत शिरते.

झाड कमकुवत होण्याची आणखी दोन कारणे सोसायटीच्या आवारातच असतात. एक म्हणजे गटार किंवा केबलसाठी बुंध्याजवळ चर खणून कापलेली मुळे. दुसरे म्हणजे बुंध्याला खेटून केलेले काँक्रीट. झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढावे, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या संदर्भात दिला होता. पेव्हर ब्लॉकच्या मधोमध गुदमरलेली झाडे मात्र आजही प्रत्येक शहरात दिसतात.

मग झाड तोडूच नये का?

तसेही नाही. जुलै २०१७ मध्ये चेंबूरमध्ये रस्त्याने चालणाऱ्या एका महिलेवर नारळाचे झाड कोसळले आणि तिचा मृत्यू झाला. झाड वेळेवर न काढण्याचीही किंमत मोजावी लागते. काही खुणा गंभीर मानायला हव्यात. बुंध्याजवळची माती एका बाजूने उचललेली दिसणे, झाडाचा कल अलीकडे वाढलेला असणे, बुंध्यावर कठीण, कंसासारख्या बुरशीच्या छत्र्या येणे, बुंध्यात उभी भेग पडणे आणि पालवीच्या दिवसांतही मोठ्या फांद्या कोरड्या राहणे या त्या खुणा होत. झाड फक्त उंच आहे, पाने पडतात किंवा पार्किंगला अडथळा होतो, ही कारणे या यादीत बसत नाहीत.

एक झाड काढल्याने शेजारची झाडे उघडी पडतात, हेही विचारात घ्यावे लागते. गटाने वाढलेली झाडे एकमेकांना वाऱ्यापासून आडोसा देतात. त्यांतील मोठे झाड गेले की उरलेल्या झाडांवर अचानक पूर्ण वारा येतो आणि त्यांची मुळे त्यासाठी तयार नसतात.

कायदा काय सांगतो?

राज्यातील शहरांत ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५’ लागू आहे. झाड स्वतःच्या आवारात असले तरी परवानगीशिवाय ते तोडता येत नाही. या कायद्यात ‘झाड तोडणे’ याचा अर्थ व्यापक आहे. झाड जाळणे किंवा त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही त्यात मोडते. त्यामुळे बुंध्यात रसायन ओतून झाड ‘आपोआप वाळवणे’ हाही गुन्हाच ठरतो. उल्लंघनासाठी दंड आणि कारावास या दोन्हींची तरतूद आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना ‘प्राचीन वृक्ष’ म्हणजे हेरिटेज ट्री असा दर्जा दिला. तोडलेल्या झाडाच्या वयाएवढी झाडे भरपाई म्हणून लावण्याचे तत्त्वही त्याच दुरुस्तीने आणले.

अर्ज केल्यावर उद्यान विभागाचे अधिकारी पाहणी करतात. परवानगीचा कागद मात्र झाड तोडण्यापुरता असतो. तोडण्याची पद्धत सुरक्षित आहे, याची हमी तो देत नाही. निष्काळजीपणाने कोणाचा मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (१) नुसार पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. ‘काम कंत्राटदाराला दिले होते’ एवढे सांगून समितीची चौकशीतून सुटका होईलच असे नाही. झाड अचानक कलले किंवा अर्धवट तुटून लटकले, तर कंत्राटदार शोधण्यात वेळ न घालवता अग्निशमन दलाला १०१ वर कळवावे. मुंबईत महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा क्रमांक १९१६ आहे.

काम देण्याआधी काय विचारावे?

कोटेशनमधील आकड्याच्या आधी काही प्रश्नांची लेखी उत्तरे मागता येतात. झाड एकदम पाडणार की तुकड्यांनी उतरवणार? तुकडे दोराने उतरवणार असल्यास कप्पी कशाला बांधणार? बुंधा पोकळ निघाला तर पर्यायी व्यवस्था काय? मजुरांचा विमा आहे का आणि त्याचा कागद दाखवता येईल का? हेल्मेट, सुरक्षा पट्टा आणि दुसरा स्वतंत्र दोर आहे का? वीजपुरवठा कोण बंद करून घेणार? खुंटाचे काय करणार?

सोसायटीच्या बाजूनेही तयारी लागते. त्या दिवशी झाडाखालच्या आणि शेजारच्या सदनिकांतील रहिवाशांना आधी सूचना द्यावी, गाड्या हलवाव्यात, फाटकावर माणूस उभा करून लहान मुलांना आवारात येऊ देऊ नये. काम पावसात, जोराच्या वाऱ्यात किंवा अंधार पडल्यावर करू नये. झाडावर घरटी असतील तर पिल्ले उडेपर्यंत थांबावे. कामाच्या आधी भिंतींचे, कुंपणाचे आणि असलेल्या तड्यांचे फोटो तारखेसह काढून ठेवावेत. तीन वर्षांनी नवा तडा दिसला तर तो कधीचा, या वादात हेच फोटो कामी येतात.

या प्रश्नांची उत्तरे देणारा कंत्राटदार बहुधा सर्वांत स्वस्त नसतो. दोन दरांमधला फरक अनेकदा याच गोष्टींचा असतो : दुसरा दोर, विमा, क्रेन आणि एक जास्तीचा दिवस. त्या वगळून वाचवलेल्या पैशांचा धोका झाडावर चढलेला मजूर पत्करतो आणि त्याखालून ये-जा करणारे रहिवासीही.